सव्वापाच बाय चार

आप्पा, मागच्या महिन्यात मी बेळगावजवळच्या कंग्राळीला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा आमंत्रणावरून, दुसऱ्यांदा न बोलावता. तुम्ही गेल्याला सतरा वर्षं झाली. मध्यंतरी निपाणीचं घर विकलं, तुमच्या फोटो स्टुडिओची पाटी उतरवली, मीही शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले. पण अशा काही गोष्टी घडल्या की आजही वाटतं, तुमच्या समोर खुर्ची ओढून बसावं आणि तुम्ही बशीतला चहा संपवेपर्यंत सांगत राहावं.

माझा पहिला डिजिटल कॅमेरा तुम्ही हातात घेतला होता. चंदेरी, साबणाच्या वडीहून थोडा मोठा. तुम्ही तो उलटापालटा केलात, रोल कुठून घालतात ते शोधलंत आणि विचारलंत, "ह्यात मावतं किती?" मी म्हणाले, शंभर फोटो. "शंभर न्हवं गं. एका फोटोत किती मावतं?" मला प्रश्नच कळला नाही. खोक्यावरचं वाचून दाखवलं, दोन मेगापिक्सेल. तुम्ही "बरं" म्हणालात आणि कॅमेरा टेबलावर असा ठेवलात, जणू कुणाचं तान्हं मूल परत देताय.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी मी कंग्राळीच्या बांधावर उभी आहे. धुकं जमिनीला चिकटून पडलंय, कमरेएवढं, आणि त्याच्या वर स्वच्छ पिवळं ऊन. झाडं बुंध्याशिवाय तरंगताहेत. कुठूनतरी कुदळीचा आवाज येतोय पण माणूस दिसत नाही. मग धुक्यातूनच एक माणूस सरळ उभा राहतो, डोक्याला टॉवेल, छातीपासून वर तेवढाच. तो माझ्याकडे बघतो. मी बटण दाबते. धुकं पुन्हा सरकतं, तो वाकतो, आणि तिथे कुणी नव्हतंच असं वाटायला लागतं. कितीतरी वर्षं मला तो फोटो मी काढलेला वाटायचाच नाही. स्वप्नात दिसलेलं काहीतरी चुकून कॅमेऱ्यात राहिलं असावं, असं वाटायचं.

निवृत्त झाल्यावर मुलाने माझे जुने फोटो इंटरनेटवर विकायला ठेवून दिले. आता फोटो विकायचा म्हणजे कागद द्यायचा नसतो, आप्पा. फाईल द्यायची. घेणारा ती आपल्या गावात, आपल्या सोयीने छापून घेतो. कागद कसला, केवढा, किती लांबून बघायचा, आपल्याला काही कळत नाही. प्रत्येक फोटोखाली त्याची माहिती लिहायची असते. मी कुठंतरी ऐकलं होतं की चांगल्या छपाईला इंचात तीनशे ठिपके लागतात, त्याला डीपीआय म्हणतात. माझ्या फाईलींवर बहात्तर दिसत होतं. कॉम्प्युटरवर एक चौकट होती, तिच्यातलं बहात्तर खोडून मी तीनशे लिहिलं. कॉम्प्युटरने निमूट घेतलं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, पण झालं खरं. मग एका दुपारी बसून सगळ्याच फोटोंना तसं केलं आणि खाली लिहिलं, ‘तीनशे डीपीआय, मोठ्या छपाईसाठी उत्तम’.

गणपतीच्या आधी एका बाईचा फोन आला. "आक्का, तुमचा तो धुक्यातला फोटो मी घेतलाय. बेळगावचं धुकं म्हणून नव्या घराच्या भिंतीसाठी शोधत होते." मी म्हटलं, बरं झालं. ती बँकेत नोकरीला असावी. मागे खिडकीवरचा गलबला ऐकू येत होता. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्यातला माणूस माझा बाबा हाय." सहा वर्षांपूर्वी गेले म्हणाली. घरात त्यांचा फोटो म्हणजे ओळखपत्रावरचा, तोही फिकट झालेला. "फोटोला बसायचेच न्हाईत ते. हा कसा मिळाला तुम्हाला?" कसा मिळाला ते मी सांगितलं, पण मनातून ओशाळले. मी एका माणसाचा चेहरा विकायला ठेवला होता आणि त्याचं नावही कधी विचारलं नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "असू दे हो. तुम्ही काढला न्हसता तर तेवढापण न्हसता. वास्तुशांतीला यायलाच पायजे तुम्ही."

मी गेले. शेताच्या कडेला नवं घर, बाहेर मांडव, आत हॉलच्या भिंतीवर तो फोटो. सहा फूट रुंद, साडेचार फूट उंच, झेंडूची माळ घातलेला. दारातून पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. तो माणूस भिंतीतून उठून उभा राहिला होता. लोक दारात थबकत होते, कुणीतरी चक्क हात जोडले. मग मी आत गेले. जसजशी जवळ जात होते तसतसा तो मावळत होता. आधी टॉवेलच्या कडा गेल्या, मग मिश्या, मग डोळे. हातभर अंतरावर पोचले तेव्हा तिथे नुसते तपकिरी चौकोन होते, एकाला एक लावून ठेवलेले.

त्याची बायको, म्हातारी, खुर्चीत बसली होती. नवं लुगडं, कपाळ मोकळं. लेकीने तिला दंडाला धरून उठवलं आणि फोटोपाशी आणलं. म्हातारीने पदराने डोळे पुसले, मान पुढे केली, भिंतीवरून बोटं फिरवली. "कुठं हाय गं?"

"आये, ह्यो काय. लांबनं बघ की. थोडं मागं सरक."

"लांबनं बघून काय करू?" म्हातारी म्हणाली. "लांबनं हाय, जवळ गेलं की न्हाय."

लेक माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उलट समजावणीच्या सुरात म्हणाली, "छापणाऱ्यानं विचारलं होतं आक्का, फाईल बारकी दिसतीया म्हणून. मी म्हटलं, न्हाय न्हाय, त्यांनी खाली तीनशे लिहिलंय. त्यांना कळतंय त्यातलं." मग मला जेवायला बसवलं. पोळीवर तूप वाढलं, आग्रह केला. मी खाली मान घालून जेवले.

घरी येऊन ती फाईल उघडली. पहिल्यांदाच नीट उघडली म्हणा. आडव्यात सोळाशे ठिपके, उभ्यात बाराशे. बस्स. त्या हिवाळ्यातल्या सकाळी माझ्या कॅमेऱ्यात एवढेच मावले होते, आणि चौकटीत बहात्तर लिहा की तीनशे, त्यात एकाचीही भर पडत नव्हती. तो आकडा फक्त सांगत होता की ठिपके दाट मांडायचे की विरळ. सोळाशेला तीनशेने भागलं. साधारण सव्वापाच इंच. बाराशेला भागलं. चार. सव्वापाच बाय चार, एका पोस्टकार्डाहून फारसा मोठा नाही. आणि कंग्राळीच्या भिंतीवर तेच सोळाशे ठिपके सहा फुटांवर ताणले होते, इंचाला जेमतेम बावीस. शाळेत तीस वर्षं हिशेबाचे तक्ते भरलेल्या बाईला हा भागाकार आधी सुचला नव्हता.

मग तुम्हाला विचारायला हवं होतं ते आठवलं, किंवा तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं. मी सोळा वर्षांची आहे, दुपार आहे, तुम्ही आत जेवताय. संकेश्वरहून एक बाई आली आहे. तुम्हीच काढलेल्या एका लग्नाचा फोटो तिच्या हातात आहे, चाळीस-पन्नास माणसं ओळीने उभी, आणि मागच्या रांगेत तिची आई, ज्वारीच्या दाण्याएवढी. आई वारली होती. बाईला भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. "होतंय की," मी म्हणाले, "भिंतीएवढा करून देऊ." तुम्ही उष्ट्या हातानेच बाहेर आलात. "न बघता होतंय म्हणू नगंस," म्हणालात, त्या परक्या बाईच्या समोर. मग जुन्या खोक्यांतून ती निगेटिव्ह शोधून काढलीत आणि आम्हा दोघींना स्वयंपाकघरात नेलंत.

दुपारी आईचं आवरलं की आपलं स्वयंपाकघर अंधारखोली व्हायचं. खिडकीला घोंगडं, ओट्यावर फोटो मोठा करायचा एन्लार्जर, परातीत पाणी, आणि फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या वासात मिसळलेला लसणाच्या फोडणीचा वास. तुम्ही एन्लार्जरचा दिवा लावलात, खाली पांढरा कागद ठेवलात आणि ती बाई ओट्याशी वाकली. कागदावर तिच्या आईची काळ्याची पांढरी झालेली आकृती पडली होती. तुम्ही एन्लार्जरचं डोकं हळूहळू वर न्यायला लागलात. चेहरा वाढायला लागला. चिंचोक्याएवढा झाला, लिंबाएवढा झाला, आणि वाढता वाढता फिका पडत गेला, त्याचे कण सुटे व्हायला लागले, जशी रांगोळी वाऱ्याने विस्कटावी. बाईने घाईघाईने तुमचा हात धरला. "थांबवा. खाली घ्या थोडं. जरा आणि खाली. तिथं. तिथं हाय ती." तुम्ही तिथेच थांबलात आणि तेवढाच फोटो करून दिलात, तळहातात मावेलसा. ती बाई तो ओला कागद दोन हातांनी धरून ओट्याशी कितीतरी वेळ उभी राहिली. मी मात्र चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. परक्या माणसासमोर बोललात, एवढंच मला दिसलं होतं.

कंग्राळीच्या फोटोला मी तेच केलं. शहरातल्या एका लॅबमध्ये बसून, काहीही न वाढवता, सव्वापाच बाय चारचा काढून घेतला. भोवती रुंद पांढरा पुठ्ठा लावला, त्यामुळे तो फार लहान वाटत नव्हता. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा आला, पण त्यात सगळं होतं. टॉवेलची वीण नव्हती, पण पीळ होता. मिश्यांची टोकं होती. मग रविवारी उठून गेले.

लेक कपडे वाळत घालत होती, गडबडली. मी तिला सरळ सांगितलं की चूक माझी होती, मी न समजता लिहिलं होतं, छापणाऱ्याचं बरोबर होतं. ती म्हणाली, "मग तो मोठा काढू काय?" मला वाटलं होतं की काढावा. पण म्हातारी आतून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दारातनं येताना बरं वाटतंय." मी तिच्या हातात लहान फोटो दिला. ती तो घेऊन पायरीवर उन्हात जाऊन बसली. नाकाला लागेल इतका जवळ धरला. मी वाट बघत उभी. कुठेतरी पंप चालू होता, त्याचा एकसुरी आवाज, आणि समोर शेतावर तेच स्वच्छ ऊन, धुक्याशिवाय.

"डोळं बारीक केल्यात," ती म्हणाली. "उन्हानं न्हवं. अनोळखी माणूस आलं की असंच बघायचा." मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडंच बघाय लागलाय की ओ त्यो. काय म्हणाला तुमास्नी?"

वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी पायरीवर तिच्याशेजारी बसले. आठवत गेलं, फोटोनंतर वाकलेला तो धुक्यातून पुन्हा वर आला होता. "‘रताळी पायजेत काय?’ म्हणाले."

म्हातारी हसली, आवाज न करता, सगळं अंग हलवत. "असंल, असंल. कुणालाबी द्यायचा. दिली व्हय?"

"दिली. पिशवी नव्हती, तर ओढणीत घातली."

"मातीसकट?"

"मातीसकट."

तिने लेकीला हाक मारली आणि मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. मग शेजारीण आली, तिलाही सांगितलं. प्रत्येक वेळी म्हातारी फोटो डोळ्यांजवळ नेई आणि ‘पायजेत काय’पाशी ओठ हलवी, जणू तो तिथूनच बोलत होता आणि आवाज तिलाच आधी पोचत होता. ती रताळी मी निपाणीला आणली होती, आप्पा. तुम्ही खाल्लीत, कुठली म्हणून विचारलंत, आणि मी म्हणाले, अशीच कुणीतरी दिली.

आता साईटवर प्रत्येक फोटोखाली मी खरं लिहिलंय, आडवे किती ठिपके, उभे किती, आणि कितीपर्यंत छापावा. दुसऱ्या एका धुक्याच्या फोटोपुढे ‘मोठा करू नये’ असंही लिहिलं. मुलगा म्हणाला, असं लिहिलंस तर कोण घेणार. दोघांनी घेतला.

पण एक राहिलंय. माझं ते जुनं वाक्य वाचून आणखी सात जणांनी फाईली घेतल्यात. कुणी दवाखान्यासाठी, कुणी मुलीच्या खोलीसाठी. एकाने लिहिलं होतं की त्याला आख्खी भिंत भरायची आहे. त्यांतल्या एकालाही मी अजून कळवलेलं नाही. तीन आठवडे झाले. रोज सकाळी कॉम्प्युटरपुढे बसते, ‘नमस्कार’ लिहिते आणि पुसते. आजही त्यांनाच लिहायला बसले होते. तुम्हाला लिहिणं सोपं पडलं, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही.