सुनावणीत कुणाचीच हरकत नव्हती

तीर्थरूप आत्यास,

सहा अंगांनी नमस्कार. (आठांपैकी दोन गुडघे सध्या डॉक्टरांच्या ताब्यात आहेत, ते सुटले की उरलेला नमस्कार पोचता करीन.) तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांच्या डॉक्टरांशी तुझं बोलणं पुन्हा सुरू झालं का? त्यांच्या भिंतीवरची अक्षरंच मुळात पुसट छापली आहेत, हे तुझं म्हणणं आम्हा सर्वांना पटलं आहे. ते त्यांनाही पटलं की चष्म्याचं बघता येईल. पत्राला कारण विशेष असं नाही, सहज खुशाली कळवतो.

माझं काम तुला माहीत आहेच. सरकार देशासाठी जे नवे नियम काढतं, ते लागू होण्याआधी आमच्या कक्षात तपासायला येतात. आम्ही लोकांच्या हरकती मागवायच्या आणि मगच नियम पुढे पाठवायचा. मला नोकरी लागली तेव्हा हे ऐकून 'म्हणजे नक्की करतोस काय?' असं तू विचारलं होतंस. उत्तराला जरा उशीर झाला, पण खरं सांगायचं तर परवापर्यंत विशेष काही करत नव्हतो. मसुदा बाहेरच्या फळ्यावर लावायचा. फळा दाराच्या मागे. दार उघडं असलं की फळा झाकलेला, आणि फळा दिसायला लागला की समजायचं कचेरी बंद झाली. महिनाभर वाट बघायची, आणि मग 'जनतेची हरकत नाही' असा शेरा मारून फाइल वर. सगळं कसं बिनबोभाट.

मग आमच्याकडे नव्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी दार ओढून फळा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि (मला वाटतं, मनातल्या मनात) तुझाच प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. नियमाची झळ ज्यांना लागणार त्यांना कचेरीत बोलवा, खुर्ची द्या, म्हणणं ऐका आणि लिहून घ्या. ऐकणार मी, लिहिणार आमच्या टिपणीसबाई. मला ते मनापासून पटलं. हसू नकोस. इतकी वर्षं कागद चाळल्यावर त्यांच्या पलीकडचा माणूस एकदा तरी बघावा, असं वाटतंच की.

पहिलाच नियम आला शिवणकामाचा. कुठल्याशा कारखान्यात कापडाच्या ढिगाला आग लागली, म्हणून ठरलं की शिवणयंत्र ज्या खोलीत चालतं तिथे झोपायचं नाही आणि स्वयंपाकही करायचा नाही. हेतू चांगला. पण लिहिणाऱ्याच्या हातून 'कारखान्यात' हा शब्द राहून गेला, आणि नियम थेट घरोघरच्या मशीनवर जाऊन बसला.

सुनावणीला माणसं आली, आणि सगळ्यांत पुढे एक शिवणवाल्या बाई. दालनाची किल्ली सापडेना, म्हणून त्यांना बराच वेळ जिन्यात उभं राहावं लागलं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, काही हरकत नाही. पंखा बंद होता. काही हरकत नाही. चहा गार आला, खुर्चीचा एक पाय आखूड निघाला. छे छे, काही हरकत नाही. शेवटी मसुद्याबद्दल विचारलं, तर त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या की तुम्ही विचार करूनच लिहिलं असेल, आणि उठल्या. बाकीचेही असेच, एकापेक्षा एक सुसंस्कृत. टिपणीसबाई पदरचं अक्षर घालत नाहीत (हा त्यांचा अभिमान), आणि पंखा कुठला नि नियम कुठला हे विचारायची त्यांना पद्धत नाही. अहवालात आलं : 'उपस्थितांनी हरकत नसल्याचे वारंवार सांगितले.' वरून मोठ्या बाईंना अभिनंदनाचं पत्र आलं. इतका लोकप्रिय नियम म्हणे आजवर झाला नव्हता.

मला काही चैन पडेना. कोटाचं अस्तर मुद्दाम थोडं उसवून घेतलं (हे घरी सांगू नकोस) आणि त्या बाईंचं घर गाठलं. एकच खोली. खिडकीशी मशीन, मशीनला टेकून खाट, कोपऱ्यात शेगडी. अख्ख्या गल्लीच्या बाह्या आणि चेन त्या मशीनवर सुधारतात, आणि त्या कमाईवर बाईंच्या दोन मुली शिकतात. नियम लागू झाला तर त्यांना मशीन तरी घराबाहेर काढावं लागेल, नाहीतर मुली तरी. मी विचारलं, बाई, हे तिथे का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "साहेब, कचेरीत आजवर मला कुणी बस म्हटलं नव्हतं. तुम्ही खुर्ची दिलीत, चहा पाजलात. मग तिथंच बसून तुमचं चुकलं कसं म्हणू?"

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सुनावणी पुन्हा ठेवली आहे, आणि आता बोललेला शब्दन् शब्द लिहायचा, पंख्याचं पंख्याखाली आणि नियमाचं नियमाखाली. मात्र या वेळीही कुणी हरकत घेतली नाही, तर नियम कायम होईल.

बाकी सर्व क्षेम. प्रकृतीला जप.

तुझा भाचा

ता. क. : सुनावणी येत्या सोमवारी सकाळी आहे. स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलाशेजारी तुझंही मशीन आहे, म्हणजे नियम तुलाही लागतो. सोबत तिकीट पाठवलं आहे, खिडकीजवळच्या जागेचं. (ऊन कुठल्या बाजूनं येतं ते विचारून घेतलंय.)

ता. क. २ : त्या बाईंच्या वतीनं तू बोलायचं नाहीस. त्यांचं त्यांना बोलू दे. शाळेत मुख्याध्यापकांपुढे माझी बोबडी वळली होती, तेव्हा तू येऊन नुसती शेजारी बसलीस आणि मला कंठ फुटला. तशीच त्यांच्या शेजारी बस.

ता. क. ३ : समोरच्या खुर्चीत मी असणार. कृपा करून मला 'गाढवा' म्हणू नकोस. टिपणीसबाई ते लिहितील, आणि सरकारी कागद कायमचे राहतात. पण अगदीच राहवलं नाही तर म्हण, आणि चांगलं मोठ्यानं म्हण. साहेबालाही असं बोलता येतं हे एकदा कानांनी ऐकलं, की त्या बाईंना तोंड उघडायला धीर येईल.