हॉट प्रेसमधली तुळस

॥ श्री ॥
सिटीवेस्ट, डब्लिन
१० सप्टेंबर २०२४

चि. सौ. अलकनंदा हिस,
मोरेश्वरचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलवत नाही, कारण या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. म्हणून लिहितो. वाचून झालं की फाडून टाक.

तब्येत बरी म्हणायची. छातीत मधूनच टोचतं. आमचा यशोधन म्हणतो गॅस आहे. असेल बापडा.

सूनबाई भार्गवीने मागच्या अंगणात प्लास्टिकच्या बोगद्यात तुळस लावल्याचं तुला कळवलं होतं. इथली थंडी तुळशीला सोसत नाही, म्हणून ऑगस्टच्या अखेरीस सगळी कापली. गॉलवेच्या एका दुकानाने सूनबाईंकडे तुळशीच्या चहाची चाळीस पाकिटं मागितली आहेत. एकोणीस ऑक्टोबरला द्यायची. पोर नोकरी सोडून नवऱ्यामागे इथे आली, त्याला तीन वर्षं झाली. तिच्याकडे कुणी काही मागण्याची ही पहिलीच वेळ. तिचा सगळा जीव त्या पाकिटांत आहे.

आता तूच सांग, तुळस वाळवायला या घरात कोणाला विचारायला हवं होतं? चौतीस वर्षं मी काढ्याच्या कारखान्यात वाळवणाची शेड सांभाळली. पण त्याच आठवड्यात नागपूरहून तिचे वडील आले, ती त्यांना अप्पा म्हणते. आमचे व्याही दिलीपराव कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. विमानतळावरून आले ते खिशात थर्मामीटर घेऊनच. इथे घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. माणसं त्यात टॉवेल उबदार ठेवतात. दिलीपरावांनी तिथे थर्मामीटर टांगला आणि जाहीर केलं की अशी प्रयोगशाळा नागपुरातही मिळाली नसती.

भार्गवीने अर्धी तुळस त्यांना दिली, अर्धी मला. मला दिली ती वाईट वाटू नये म्हणून, हे मला कळतं. मी लहान जुड्या बांधून सामानाच्या खोलीत उलट्या टांगल्या. अंधार, खिडकी बोटभर उघडी, बारा दिवस. शेजारच्या ब्रीदबाईंनी खिडकीतून जुड्या पाहिल्या आणि यशोधनला हळूच विचारलं की तुझे वडील कसली शेती करतात. त्यांना तो गांजा वाटला. यशोधन कानापर्यंत लाल झाला. तुळस आहे, देवाची आहे, असं त्याने सांगितल्यावर बाई ग्रँड ग्रँड म्हणत गेल्या, पण तेव्हापासून मला बघून डोळा मारतात. या वयात!

दिलीपरावांची तुळस दोन दिवसांत वाळली. तिसऱ्या दिवशी बरण्यांत भरून झाकणं घट्ट. हिरवीगार दिसते, हे कबूल करतो. भार्गवीने बरण्यांचे फोटो काढले. माझ्या जुड्यांचा एकही नाही. जेवताना पहिली पोळी त्यांना. गाडीत पुढची सीट त्यांना. आमची नात सानिका सुद्धा आता त्यांच्याजवळ बसून अभ्यास करते, कारण त्यांचं इंग्रजी तिला समजतं.

तुझ्या गुडघ्यांची काळजी घे. माझ्याविषयीची माया कमी होऊ देऊ नकोस, इथे तिचा तुटवडा आहे.

तुझा,
मोरेश्वर


॥ श्री ॥
वाई
२२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप मोरेश्वरदादास,
अलकनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. फाडलं नाही. तुझी पत्रं मी फाडत नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे आणि तरी दर वेळी लिहितोस.

पहिल्या पोळीचं वाचून मी इतकी हसले की हे स्वयंपाकघरातून बघायला आले. अरे, मुलीचा बाप चार दिवस तिच्याकडे आला तर ती त्याला पहिली पोळी वाढणार नाही तर काय वहिनीच्या फोटोला वाढेल? तू तिथे दोन वर्षं आहेस. पाहुण्याला पोळी पहिली मिळते, घरच्याला सगळ्यात गरम. कोणती गरम होती ते तू पाहिलंस का?

ब्रीदबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या डोळ्याला काही झालं असेल, तू उगाच फुगू नकोस.

एक मात्र विचारते. दोन दिवसांत वाळलेली तुळस तिसऱ्या दिवशी बरणीत घट्ट लावली, हे तू साध्या शाईने लिहून पुढे गेलास. शेडवर असं कोणी केलं असतं तर तू आकाशपाताळ एक केलं असतंस. पानं वाळली तरी काडीत ओल राहते, हे मला तूच सांगितलंस. मग तिथे गप्प का बसलास?

जशी आजवर आठवण ठेवलीस तशीच ठेव.

तुझी,
अलका


॥ श्री ॥
सिटीवेस्ट
२५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. अलकनंदा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही. पण माझ्याने थांबवत नाही.

परवा सकाळी घरात कोणी नव्हतं. दिलीपराव मुलीबरोबर लुआसने शहरात गेले होते. लुआस म्हणजे इथली ट्राम. मला चला म्हणाले नाहीत. म्हणजे म्हणाले, पण मी आधीच बूट काढून बसलो होतो हे त्यांना दिसत होतं. मी हॉट प्रेस उघडला. खालच्या फळीवर त्यांच्या अकरा बरण्या. मागची एक काढली, झाकण उघडलं आणि नाकाला कळलं. पावसात भिजलेल्या पोत्याचा वास. काडी मोडून बघितली तर मोडेना, वाकली. जोडावर पांढरं तंतूसारखं काही. दुसरी उघडली. तेच. तिसरी उघडली नाही.

झाकण लावलं, बरणी होती तशी ठेवली आणि कपाट बंद केलं.

अलका, मला आनंद झाला. तुला खोटं कशाला लिहू. दुपारी मी दोन वाट्या आमटी प्यालो. छातीत टोचलं नाही. पाकिटं भरायच्या दिवशी बरण्या उघडतील तेव्हा उघडतील, सगळ्यांसमोर. माझी तुळस तयार आहे. बरणीत भरल्यावर पंधरा दिवस मी रोज झाकण उघडून तिला वारा दिला. तिचा वास घेतलास तर तुला आपलं परसू आठवेल.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. दिलीपरावांना कोरोनापासून वास येत नाही. भार्गवीने मला आल्याआल्याच सांगितलं होतं, गॅस चालू राहिला तर बाबा तुम्ही लक्ष ठेवा म्हणून. ते रोज सकाळी पुढच्या बरणीतली तुळस उकळून पितात. काल त्यांनी माझ्यासाठीही कप भरला. आपल्या हाताने, साखर कमी घालून, तुमच्या छातीला बरं म्हणून. नको म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं.

मी प्यालो.

दिलीपराव हल्ली थोडे खोकतात.

रागावलीस तरी लिहायचं सोडू नकोस.

तुझा,
मोरेश्वर


॥ श्री ॥
वाई
५ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

आज चेष्टा नाही.

माझ्या मॅट्रिकच्या निरोपसमारंभाची गोष्ट. आईने माझ्यासाठी नवं पातळ धुऊन गच्चीवर वाळत घातलं होतं. सर आली. मी गल्लीच्या टोकापासून धावत येत होते आणि मला आपला जिना दिसत होता. तू गच्चीलगतच्या वरच्या पायरीवर बसला होतास. वर बघत होतास. हात लांब केला असतास तरी ते तुझ्या हाताला लागलं असतं. तुला सातवीतून काढून कामाला लावलं होतं आणि मी शिकत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून मी कधी बोलले नाही. ओलं पातळ नेसून गेले.

साठ वर्षं झाली. तू अजून पायरीवरच बसला आहेस, दादा. या वेळी भिजतंय ते त्या पोरीचं. आणि एक म्हातारा माणूस तुझ्यासमोर बुरशी पितोय.

आजच सांग. माझं पत्र मिळेपर्यंतही थांबायला नको होतंस.

अलका


॥ श्री ॥
सिटीवेस्ट
२२ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अलकनंदा हिस,
आशीर्वाद देण्याची माझी योग्यता आहे का ते तू ठरव. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारीच आलं. फोडलं नाही. आत काय असणार ते ठाऊक होतं, आणि सदऱ्याच्या खिशात ते शनिवारपर्यंत मला टोचत राहिलं. या वेळी गॅस नव्हता.

शनिवारी जेवणाच्या टेबलावर पाकिटं मांडली. भार्गवीला सर्दी झाली होती, नाक चोंदलेलं. तिने मोठी परात घेतली आणि आधी माझ्या बरण्या रिकाम्या केल्या. मग दिलीपरावांची पहिली बरणी हातात घेतली. मला वाटलं होतं वेगवेगळी भरतील. ती म्हणाली की एकत्र करूया, म्हणजे दोन्ही बाबांची होईल.

मी परातीवर हात आडवा धरला. खरं लिहितो, तेव्हासुद्धा आधी मनात माझ्याच तुळशीचा विचार आला. त्यांचा खोकला नंतर आठवला.

मी म्हणालो की यात घालू नकोस, यात बुरशी आहे. दिलीपराव उठले, काडी घेतली, मोडायला गेले. ती वाकली. त्यांनी नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. मग खुर्चीत बसले. एवढा मोठा माणूस, अलका, बसल्यावर केवढासा दिसला.

भार्गवीने विचारलं की तुम्हाला केव्हापासून माहीत होतं. आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. मी सव्वीस दिवस म्हणालो. तिने बोटांवर मोजलं नाही, पण मोजल्यासारखी उभी राहिली. मग म्हणाली की अप्पा रोज पीत होते. एवढंच. बाहेर जाऊन तिने गॉलवेला फोन केला आणि वीसच पाकिटं मिळतील असं सांगितलं. दुकानदाराने वीस घेतली. पुढचं पुढे बघू म्हणाला, म्हणजे काय ते इथल्या माणसांचं कळत नाही.

रात्री खोलीत जाऊन तुझं पत्र फोडलं. पायरीवर मीच होतो. मला वाटायचं तू पाहिलं नाहीस.

दोन दिवस भार्गवी माझ्याशी बोलली नाही. पोळी वाढली, गरम वाढली. या वेळी मी पाहिलं. डॉक्टर म्हणाले दिलीपरावांच्या छातीत काही नाही, खोकला हवेचा आहे. मी चार वेळा विचारून घेतलं.

काल दिलीपराव माझ्या खोलीत आले. मला वाटलं भांडतील. त्यांनी बोगद्यातल्या पुदिन्याची शेवटची कापणी आणली होती, म्हणाले की मोरेश्वरराव, नाक गेलं माझं, कानाने शिकता येतं का ते सांगा. मी त्यांना जुडी बांधायला शिकवलं आणि माझ्या तुळशीची वाळकी काडी मोडून ऐकायला लावली, कोरडी असली की कट् वाजते. त्यांचे कान तीक्ष्ण आहेत. तासाभरात सगळं आलं. दारात भार्गवी उभी होती. दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली, आणि बोलली काय, तर अप्पा किती पटकन शिकले! मला चौतीस वर्षं लागली त्याचं काही नाही. पण मी पुढची जुडी त्यांच्या हातात दिली.

या पत्राच्या पाकिटात माझ्या तुळशीची एक काडी घातली आहे, वाटेत टिकली तर बघ. कानाजवळ धरू नकोस, तुला ऐकू येणार नाही. दोन बोटांत धरून मोड, कोरडी असली की बोटांना कळतं. पातळाचं आता काही करता येत नाही.

मोडली की कळव. नाही मोडली तरी कळव.

तुझा,
मोरेश्वर