नवरी नसताना वाजवलेली पाठवणी

मास्तर, मागच्या महिन्यात मी तुमची पाठवणी पुण्यात वाजवली. चौथ्या मजल्यावरच्या एका बंद खोलीत, भिंतींना स्पंज लावलेला, दार लावलं की स्वतःच्या कानातलं ऐकू यावं अशी शांतता. मांडव नव्हता, नवरी नव्हती, गाडी फुलांनी सजवून उभी नव्हती. माझ्यासमोर पियानोवर एक ताई होती, कोपऱ्यात ड्रमवाला, आणि त्याच्या बाजूला माणसाएवढं उंच तारांचं वाद्य धरून एक शांत मुलगा. तुम्ही बारा वर्षांपूर्वी गेलात. ही गोष्ट तुम्हाला सांगायलाच पाहिजे असं मला वाटत होतं, आणि सांगू कशी ते सुचत नव्हतं, म्हणून लिहितो आहे. शुद्धलेखन तपासून लिहितो आहे. नववीत शाळा सुटली तरी ती सवय सुटली नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमचा नियम होता की पाठवणी सरावाला वाजवायची नाही. बाकी सगळं आष्टीच्या आपल्या पत्र्याच्या खोलीत दहा-दहा वेळा घोटून घ्यायचात, पण ही एक चाल नाही. मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, मग शिकायची कशी? तुम्ही क्लॅरिनेटची पत्ती ओठांत भिजवत होतात. ती काढून म्हणालात, "नवरी निघंल तवा ऐकायची. उगं वाजवली तर कुणाच्या तरी घरून कुणीतरी जातंय." ढोलवाले काका हसले. "मास्तर, मग ह्ये पोरगं शिकायच्या आत सगळ्या तालुक्याच्या पोरी उजवाव्या लागतील." तुम्ही म्हणालात, "उजवू की. आपलं कामच हाय ते."

म्हणून मी ती लग्नातच शिकलो, ऐकून. ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या की आपला हंगाम सुरू व्हायचा आणि एकेका दिवसात दोन-दोन लग्नं यायची. दिवसभर बँडची गाडी कर्ण्यांतून नुसती ओरडत असायची. पण नवरी निघायची वेळ झाली की तुम्ही हात वर करायचात, जनरेटर बंद व्हायचा, कर्णे गप्प व्हायचे, आणि तुम्ही एकटे क्लॅरिनेट घेऊन नवरीच्या चार पावलं पुढे चालायला लागायचात. मागे काकांचा ढोल, तोही बोटांनी. मी तुमच्या डाव्या हाताला. चाल दोनदा वर जायची, तिसऱ्यांदा वर जाता जाता मध्येच थांबायची. क्लॅरिनेट ओठांवरच, पण आवाज नाही. त्या थांबण्यात नवरीच्या आईचं रडणं एकदम मोकळं ऐकू यायचं. मग तुम्ही खालच्या सुरावरून चाल परत उचलायचात. गावोगावच्या बाया म्हणायच्या, हा मास्तर रडू ऐकायला थांबतो. मलाही दोन वर्षं तसंच वाटलं. शेजारी चालत होतो तरी.

मला तेव्हा मोजायची सवय होती, आत्ताही आहे. घरून निघताना कुलूप तीनदा ओढून बघतो. तसंच वहीत गावाचं नाव लिहून पुढे तुमच्या थांबण्याच्या मात्रा लिहायचो. काकांच्या बोटांवर मोजायचो. पहिल्या वर्षी चार, कधी पाच. पुढच्या वर्षी सहा, सात. मला राग यायचा. एकाच चालीत एकाच जागी माणूस दर वेळी वेगळं कसं थांबतो? मी एकदा वही दाखवली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण आकडे कळायचे. तुम्ही बोट फिरवत खाली आलात आणि म्हणालात, "वाढत चाललंय व्हय." एवढंच. मी समजलो, तुम्ही चूक मान्य केली. तुमच्या छातीतली शिट्टी मला रोज ऐकू यायची. ती आणि हे आकडे एकच आहेत हे मात्र डोक्यात आलं नाही.

पावसाळ्यात लग्नं नसायची. त्या दुपारी मला सगळ्यात जास्त आठवतात. तुमच्या मेहुण्यांचं औरंगाबादला रद्दीचं दुकान होतं, त्यांनी पोतंभर कॅसेटी दिल्या होत्या, बहुतेकांना वेष्टनच नाही. त्यात तीन कॅसेटी निघाल्या, ज्यांत कुणी गात नव्हतं. एकीत आपल्या सनईच्या भावकीतलं काहीतरी कर्कश वाजत होतं आणि त्याच्यामागून सॅक्सोफोन येत होता, आपल्या वरातीतल्यासारखा नाही, बोलत बोलत आल्यासारखा. दुसरीत पियानो आणि खूप सारे ढोल. तिसरीत आपल्याकडचाच एक तंतुवाद्यवाला आणि त्याच्याशी वाद घालणारी तुतारी. तुम्ही चटईवर उताणे, छातीवर हात ठेवून डोळे मिटून ऐकत पडलेले. पत्र्यावर पाऊस. काका विड्या वळत बसलेले.

"हे काय लावलंय मास्तर," काका म्हणतात, "वाजवणाऱ्यांची भांडणं लागल्यागत."

"भांडण न्हाई. पाव्हणे हायत. एकमेकाची भाषा येत न्हाई, पर एका पंगतीला बसलेत. बघ, ह्यो वाढतोय, त्यो नको नको म्हणतोय."

"आणि ह्यो ढोलवाला?"

"त्यो आपल्यातला हाय. त्यानं कातडं जाळावर धरून आणलंय. ऐक की, तापल्यालं वाजतंय."

मग तुम्ही मला म्हणालात, "तुझं अक्षर चांगलं हाय. ह्यांच्यावर नावं लिही." मी विचारलं, काय लिहू, कुठलं आहे तेच माहीत नाही. तुम्ही थोडा वेळ ऐकलंत आणि पहिल्या कॅसेटीसाठी सांगितलंत, "लिही, लग्नाचंच हाय, मुलूख म्हाईत न्हाई." मी तुमची बोली सुधारून लिहिलं: लग्नाचेच आहे, मुलूख माहीत नाही. तुम्ही विचारलंत, लिहिलं तसंच का? मी हो म्हणालो.

आता चकलांब्याच्या लग्नाबद्दल लिहितो. मे महिना, दुपारचं लग्न लांबून नवरी निघेपर्यंत ऊन कलतीला आलं होतं. तुम्ही लाल कोट घातला होता आणि तो तुमच्या अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. पाठवणी सुरू झाली. तिसऱ्यांदा चाल वर चढली आणि थांबली. मी मोजायला लागलो. सहा, सात. नवरीची आई रडून गप्प झाली. आठ. नवरदेवाचे मित्र गाडीला टेकून उभे होते, त्यातला एक म्हणाला, "मास्तरची बॅटरी उतरली बे." दुसरा म्हणाला, "धक्का मारून बघ." पाच-सहा जण हसले. नऊ, दहा. अकराला मी माझं क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि चाल पुढून उचलली. स्वच्छ वाजलं, एकही सूर चुकला नाही. नवरी गाडीत बसेपर्यंत मी वाजवलं. तुम्ही क्लॅरिनेट खाली केलं आणि माझ्या मागे मागे चालत आलात.

तीन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी मी क्लॅरिनेटच्या कॉर्कला खोबरेल लावत होतो तेव्हा तुम्ही दारात येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "थांबलो व्हतो बे. संपलो नव्हतो." आवाज वर केला नव्हता. मी कॉर्क पुसत राहिलो. त्यानंतर पाठवणी तुम्ही मलाच वाजवायला लावली आणि स्वतः काकांच्या मागे, गर्दीत चालायला लागलात. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. जायच्या आठवड्यात त्या तीन कॅसेटी माझ्या पेटीत आणून ठेवल्यात, मला न सांगता. मला त्या तुम्ही गेल्यावर सापडल्या.

पहिल्या वर्षी मी पाठवणी अखंड वाजवली, न थांबता. ती तशीच बरोबर आहे असं मला वाटायचं. पण बाया तक्रार करायला लागल्या. एक म्हातारी तर माझ्या कोटाची बाही धरून म्हणाली, "अरं लेकरा, जरा दम खा की, पोरीला रडू तरी दे." मग मी थांबायला लागलो. चार मात्रा. दर लग्नात बरोबर चार, कमी नाही, जास्त नाही. दहा-अकरा वर्षं तसंच चाललं आणि कुणी काही म्हणालं नाही.

ही पुण्याची ताई आपल्याकडे मैत्रिणीच्या लग्नाला आली होती. पाठवणी झाल्यावर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, आम्ही एक अल्बम करतोय. जॅझ आणि लग्नातली वाजंत्री, दोन्ही एकत्र. याल का?" मी विचार करून सांगतो म्हणालो. जॅझ हा शब्द मी ऐकला होता, पण मोबाइलवर शोधून ऐकायला लागलो तेव्हा उठून बसलो. हे तर आपल्या पावसाळ्यातलं. असे शेकड्यांनी अल्बम आहेत, मास्तर. कुठे आफ्रिकेतले ढोल आहेत, कुठे बर्फाच्या मुलुखातल्या गुराख्यांच्या हाका, कुठे तर आपल्यासारखाच लग्नाचा बँड, पितळी वाद्यं घेऊन, आणि त्यात कुणीतरी पाहुणा शिरून सॅक्सोफोन वाजवतो आहे. मग मी मोबाइलच्या दुकानदाराकडून जुना टेप मागून आणला, तुमच्या कॅसेटी लावल्या आणि शेजारी मोबाइल धरला. मोबाइल ऐकून नाव सांगतो आता. पहिली त्याने ओळखली. तुर्कस्तानातली आहे. लग्नातच वाजवतात ते वाद्य, तुमचं बरोबर होतं. मी जुन्या चिठ्ठीखाली मुलूख लिहून टाकला. बाकी दोन मोबाइललाही ओळखता आल्या नाहीत.

त्यानंतर मी ताईला हो म्हणालो. पण तिला पाठवणीच पाहिजे होती. मी दुसऱ्या चाली सुचवून पाहिल्या. ती म्हणाली, "त्या छान आहेत दादा, पण ज्यासाठी मी तुमच्याकडे आले ती तीच." मी तुमचा नियम सांगितला नाही. हसेल अशी भीती नव्हती, तशी ती नाही. ती ऐकेल आणि आग्रह सोडेल अशी भीती होती.

पुण्याच्या त्या खोलीत कानाला लावायला दिलं होतं त्यात टिक टिक वाजत होतं. त्याच्याबरोबर वाजवलं, चार मात्रा थांबलो, चार मात्रांनी उचललं. ताईने हात थांबवले. "दादा, इथे तुम्ही खरंच थांबता की मोजता?" मी म्हणालो, मोजतो. "तुम्हाला ज्यांनी शिकवलं, ते किती थांबायचे?" मी म्हणालो, ते दर वेळी वेगळं. तिने ड्रमवाल्याकडे पाहिलं आणि ती टिक टिक बंद करायला लावली. म्हणाली, "मग आपण तसंच करू. तुम्ही थांबा. आम्ही कुणी ती जागा भरणार नाही. तुम्ही उचलाल तेव्हा येऊ." भरणार नाही हे ती किती सहज म्हणाली, मास्तर. मी तहान लागली म्हणून बाहेर जाऊन आलो.

दुसऱ्यांदा वाजवताना ड्रमवाला ढोलासारखा बोटांनीच वाजवत होता. पियानो तुमच्या पावलांच्या चालीने येत होता. तिसऱ्यांदा सूर वर चढला आणि मी थांबलो. सगळे थांबले. त्या खोलीत रडायला कुणी नव्हतं, हसायलाही नव्हतं. मग मी उचललं आणि ते तिघे माझ्यामागून इतके हळू आले की मला कळलंही नाही, चार पावलं मागून चालत आल्यासारखे. नंतर काचेपलीकडच्या मुलाने पडद्यावर दाखवलं. आवाजाच्या डोंगरांमध्ये सपाट रेघ आणि तिच्या टोकाला एक छोटा उंचवटा. "दादा, इथे तुमचा श्वास आलाय. काढून टाकू?" मी म्हणालो, असू द्या.

खोलीतून बाहेर आल्यावर जिन्यातून मी घरी फोन केला. आईने उचलला. सगळे बरे आहेत का विचारलं. मग परत केला, मग बसस्टँडवरून आणखी एकदा. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "आमी समदे हाओत रे बाबा. कुठं बी गेलो न्हाई. तू जेवलास का ते सांग." तर तसं काही झालं नाही. कुणाच्या घरून कुणी गेलं नाही.

लोक अजून चकलांब्याची गोष्ट सांगतात. काकाही नवीन पोरांना सांगतात, की मास्तरला दम लागला तेव्हा ह्याने आधार दिला, चाल पडू दिली नाही. मी ते कधी खोडलं नाही. पण आधार वगैरे काही नव्हतं. ते हसले आणि मला तुमची लाज वाटली. मी मास्तरसारखा नाही, मला पूर्ण येतं, हे मला त्या पोरांना दाखवायचं होतं. अठरा वर्षांचा होतो, पण ते कारण नाही.

आणखी एक. खोलीतून बाहेर आल्यावर ताईने विचारलं, या वेळी मोजलं नाहीत ना? मी नाही म्हणालो. मोजलं होतं. अकरा आले तेव्हा हात चाल उचलायला निघाले होते, मी ते धरून ठेवले, आणि चौदाला वाजवलं. घरी आल्यावर जुनी वही काढून शेवटच्या ओळीखाली पुणे लिहिलं आणि पुढे चौदा. त्याच्या वरच्या ओळीत चकलांबा आहे, पुढे अकरा. तो आकडा बारा वर्षं तुमच्या नावावर होता. तो मी आज खोडला. अकराला मी उचललं होतं; तुम्ही किती थांबला असतात ते मला माहीत नाही.