पोरगी किती वेळ बोलली?

बाई, आज मी तुमच्या वर्गात शिकवायला उभी राहिले, आणि इतकी हरखले होते की हजेरी घ्यायचीच विसरले! समोर समाजकार्य शिकणारी नवी मुलं. विषय तुमचाच: घरात लेकराचे हाल होतात अशी तक्रार आली, तर काय करायचं. मी म्हटलं, वह्या मिटा, सत्तरच्या दशकातली मागांची भवानी पेठ ऐका.

तुमच्या हाताखाली मी नवी होते. शाळेतल्या गुरुजींची चिठ्ठी आली होती, दुसरीतल्या मुलीच्या हातावर भाजल्याचे डाग आहेत म्हणून. माझी पहिलीच तक्रार! मी जवळजवळ पळतच गेले. घर विणकरांचं, बोली तेलुगू, पोरीची शाळाही तेलुगूच. मी सीमेवरच्या मैंदर्गीची, कानडी येतं, तेलुगू औषधालाही नाही. पोरीला आई नव्हती, ती मावशीकडे राहायची. मावशीला मराठी फर्डं यायचं, म्हणून मी तिलाच मध्ये घातलं. कसं भाजलं, विचारा तिला. पोरगी खाली बघत बोलतेय, बोलतेय, थांबेचना. मावशी हसली. "चुलीवर पडली म्हणती की वो बाई. लई धांदरट हाय." मी तसंच लिहिलं, वर तिचा चहाही प्यायले, आणि तडक तुमच्या हातात अहवाल दिला.

तुम्ही चष्मा काढलात. "पोरगी किती वेळ बोलली?"

"बराच वेळ."

"आणि मावशीनं सांगितलं किती?"

अहवालात एकच ओळ होती. तुम्ही कडाडलात, "जिच्यावर संशय, तिलाच दुभाषी केलंस होय गं? ऊठ!"

त्याच दुपारी आपण शाळेत. गुरुजी तेलुगूतून विचारतायत, तुम्ही पोरीला जवळ घेऊन बसलाय, आणि पहिला प्रश्न भाजल्याचा नाहीच, मागासाठी सुताच्या कांड्या कशा भरतेस याचा. तिनं हात फिरवून दाखवलं. मग हळूहळू सगळं आलं. सूत तुटलं की मावशी उलथनं तापवायची. तुम्ही तिला त्या घरी परत जाऊ दिलं नाही, बालगृहात सोय लावलीत. मी आनंदानं रडले, तुम्ही रागावलात, "रडायचं काम तिचं आहे, तुझं लिहायचं."

पुढं दरवर्षी तुम्ही नव्या मुलांना सांगायचात, हिला तेलुगू येत नव्हतं म्हणून ही फसली. आज मीही तसंच सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. पण बाई, मावशी मराठीत बोलली तेव्हा पोरीनं माझ्याकडे बघून मान हलवली होती, नाही म्हणून. मी ती पाहिली होती. पण मला माझा अहवाल बरोबरच्या सगळ्या नव्या मुलींच्या आधी तुमच्या हातात द्यायचा होता.