भिंगरीच्या पोटाचे आकडे

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सगळ्यात आधी मी सांगितलं! इथे लिहून ठेवते, कारण घरात कुणी कबूल करणार नाही.

भिंगरी शाळेतून आली ती वाकून. माझी नात, अकरा वर्षांची, एरवी एका जागी पाय ठरत नाही. म्हणाली, आजी, बेंबीपाशी दुखतंय. ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. तासा-दोन तासांत दुखणं उजवीकडे खाली सरकलं. मी मुलाला फोन लावला – अपेंडिक्स आहे, ताबडतोब ये. तर म्हणतो, "आई, गॅस असेल." गॅस! विसाव्या वर्षी माझं स्वतःचं अपेंडिक्स काढलंय. मला कोण शिकवतोय?

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण. पोट हळू दाबलं, पटकन सोडलं – पोर किंचाळली. मग एका पायावर उडी मारायला लावली. एकच उडी मारली आणि रडायला लागली. रक्त घेतलं. पोटाला गार जेल फासून सोनोग्राफी केली. मोठ्या मशीनमध्ये घालून ते सीटी करत नाहीत का, विचारलं मी. म्हणाली, लहान मुलांना ते किरण शक्यतो नकोत, आजी. आधी हेच करतो आता. अपेंडिक्स सुजलंय, फुटलेलं नाही, आत खडा नाही.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. सुनेची आई. हातात भली मोठी बॅग – म्हणजे राहायलाच! विज्ञान शिकवायच्या, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण बाई अजून फळ्यासमोर असल्यासारख्याच उभ्या राहतात. म्हणाल्या, "मला वाटलंच, अपेंडिसायटिस." सगळ्यांच्या माना डोलल्या. मी दुपारपासून तेच बोंबलतेय. पण माझ्या तोंडून नुसतं अपेंडिक्स निघतं ना!

बुधवार, ४ फेब्रुवारी

आज डोकं फिरलं.

डॉक्टरीण म्हणाली, दोन वाटा आहेत. एक – दुर्बिणीने ऑपरेशन, अपेंडिक्स काढून टाकायचं, विषय संपला. दुसरी – सलाईनमधून अँटिबायोटिक, मग घरी गोळ्या, आणि नीट लक्ष. फुटलेलं नाही, खडा नाही, म्हणून हा विचार करता येतो. विहीणबाईंनी पिशवीतून छापलेले कागदच काढले! खाली रेघा मारलेले. "गेल्या काही वर्षांतलं संशोधन आहे," म्हणाल्या. "निम्म्याहून जास्त मुलांना ऑपरेशन लागतच नाही." डॉक्टरीण म्हणाली, बरोबर, पण तिघांतल्या एकाला साधारण वर्षाभरात परत त्रास होतो, मग काढावंच लागतं. तेही विहीणबाईंना ठाऊक होतं. दोघींचं बोलणं माझ्या डोक्यावरून चाललं होतं, जशी मी मधली खुर्चीच.

मी म्हटलं, "काढा. सडकी गोष्ट पोटात ठेवून काय तिची पूजा करायचीय?"

विहीणबाई हसल्या. तसं हसणं मला माहीत आहे. चुकलेल्या पोराच्या वहीकडे बघून हसतात ते.

आणि मग भिंगरी बोलली. "मला कापायचं नाही. मला आजीसारखं पोट नकोय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलाने पण.

काय आहे, लहानपणी ती फळांच्या बिया गिळायची. मी पदर सारून माझा वण दाखवायचे – बघ, बिया गिळल्या की असं फाडतात! वीतभर वण आहे, वाकडा, वर गाठी. शर्टाच्या कारखान्यात तीस वर्षं मी काजं-बटणं केली. अशी शिवण माझ्या हाताखालच्या मुलीने घातली असती तर तिथल्या तिथे उसवायला लावली असती. घाबरवायला मात्र फार उपयोगी पडली.

विहीणबाई भिंगरीच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "बियांनी नाही होत गं ते, सोन्या." सगळ्यांसमोर!

औषधाची वाट ठरली. मुलगा बाहेर आल्यावर म्हणतो, "आई, त्या चार पुस्तकं वाचलेल्या आहेत, तुझ्या का पोटात दुखतंय?"

दुखतंय. आहे का त्यावर गोळी?

गुरुवार, ५ फेब्रुवारी

हाताला सुई. विहीणबाई उशाशी, मी पायथ्याशी. पाय तर पाय, चेपत बसले.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

ताप उतरला. रक्तातले आकडेही खाली आले. आनंद झाला. खोटं कशाला लिहू, झाला. पण डॉक्टरीण आली आणि विहीणबाईंना म्हणाली, "तुमचा निर्णय योग्य ठरतोय." तुमचा! सलाईन माझ्या नातीच्या हातात होती ना, का ह्यांच्या?

भिंगरी त्यांना 'बाईआजी' म्हणते. मला नुसतं 'आजी'. माझ्या नावाला शेपूट नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

घरी आलो. विहीणबाई भिंगरीच्याच खोलीत झोपणार. मला वाटलं होतं मी झोपेन. सून म्हणाली, "आई, तुम्ही घोरता ना." घोरते! त्या काय झोपेत पाढे म्हणतात?

फ्रीजवर तक्ता लागला. आडव्या-उभ्या रेघा, पट्टीने मारलेल्या. सकाळ, संध्याकाळ – ताप किती, जेवली किती, दुखणं शून्य ते दहा. शून्याशी हसरं तोंड काढलंय, दहाशी रडकं. डॉक्टरणीने बजावलंय – ताप, उलटी किंवा दुखणं वाढलं तर थांबायचं नाही, थेट यायचं. रोज विहीणबाई विचारणार आणि त्याच लिहिणार. पेनसुद्धा दोऱ्याने बांधून ठेवलंय. मी म्हटलं, मी लिहू का एखाद्या वेळी? तर म्हणतात, "राहू दे, एकाच हातचं असलेलं बरं."

चौथीपर्यंत शिकले म्हणून काय, दहापर्यंत आकडे येत नाहीत मला?

रविवार, ८ फेब्रुवारी

शून्य. संध्याकाळीही शून्य. विहीणबाई गुणगुणत भांडी विसळत होत्या. माझी भांडी.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज मजा झाली.

विहीणबाई आंघोळीला गेल्या होत्या. मी शिलाई मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होते. भिंगरी येऊन खाली बसली, माझ्या गुडघ्याला पाठ लावून, लहानपणी बसायची तशी. बराच वेळ चिंध्यांशी खेळली. मग हळूच –

"आजी, कुणाला सांगू नकोस. शून्य नाहीये. चार आहे."

मी मशीन थांबवलं. म्हटलं, मग शून्य का सांगतेस गं?

"चार म्हटलं तर मला कापतील. आणि बाईआजी एवढी खूश आहे. तिने सगळ्यांना सांगितलंय, माझं औषधानेच बरं झालं." मग म्हणाली, "मी फक्त तुलाच सांगितलंय. शपथ घे."

मी घेतली.

घ्यायला नको होती. मला कळतंय. पण काय सांगू – फक्त तुलाच! एवढे कागद वाचले, रेघा मारल्या, पट्टीने तक्ता केला, आणि खरं आलं ते माझ्या मशीनखाली. दिवसभर मी ते तोंडात खडीसाखरेसारखं चघळत होते. संध्याकाळी विहीणबाईंनी शून्य लिहिलं आणि शून्याला गोल छान काढला. मी म्हटलं, "अक्षर काय सुंदर हो तुमचं!"

चार म्हणजे फार नाही. माझे गुडघे रोज सहा दुखतात, मी कुणाला सांगत बसते का?

मंगळवार, १० फेब्रुवारी

तिला हळूच विचारलं. "चारच आहे आजी. कधी कधी पाच." ताप नाही, मी हात लावून पाहिला. उद्या बघू.

अर्धं जेवण टाकलं. विहीणबाईंनी तक्त्यात लिहिलं – 'पाऊण'. पाऊण कुठलं! आता ह्यांना मोजताही येईना?

बुधवार, ११ फेब्रुवारी

विहीणबाईंनी तिला दारात एका पायावर उडी मारायला सांगितली, डॉक्टरणीसारखी. मारली. खाली येताना भिंत धरली. ओठ पांढरे झाले होते, मी पाहिलं. विहीणबाई टाळ्या वाजवून म्हणाल्या, "शाब्बास!" पण टाळ्या दोनच वाजवल्या.

मी भाजी चिरत होते. तोंड उघडलंही होतं. मग भिंगरीने माझ्याकडे पाहिलं आणि मी बंद केलं.

हे चांगलं नाही. उद्या सकाळी बघते आणि मग –

नाही, इथेच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत नाही. मी गप्प आहे ते शपथेसाठी नाही. बोलले तर तिचं गुपित सगळ्यांचं होईल आणि माझ्याकडे परत काही उरणार नाही. म्हणून गप्प आहे. एवढीशी पोर आणि मी तिचं दुखणं पदराच्या गाठीत बांधून बसलेय. लाज वाटायला हवी मला. वाटतेय.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सकाळी खोलीतून बाहेर आली ती घडी घातलेल्या कपड्यासारखी. दप्तर उजव्या बाजूला दाबून धरलेलं, म्हणजे वाकलेलं दिसू नये. शाळेत जायचंय म्हणाली! कपाळाला हात लावला. तापलं होतं.

विहीणबाई फ्रीजपाशी उभ्या होत्या, हातात पेन. "किती बाळा?" "शून्य."

मी गेले आणि त्यांच्या हातातून पेन ओढून घेतलं. दोरा तुटला. कालचा रकाना, परवाचा, सोमवारचा, सगळी शून्यं खोडली आणि त्यावर चार चार लिहिलं, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात. म्हटलं, "सोमवारपासून दुखतंय तिला. मला माहीत होतं. आता उठा सगळे."

भिंगरी ओरडली, "आजी! तू शपथ घेतली होतीस!"

"घेतली होती. मोडली. चप्पल घाल."

सून माझ्याकडे बघत राहिली. "आई, सोमवारपासून? आणि तुम्ही –" पुढे बोलली असती तर बरं झालं असतं. विहीणबाईंचा चेहरा तर राखेसारखा झाला. मला वाटलं, हरल्या म्हणून.

परत जेल, परत सोनोग्राफी. डॉक्टरीण पडद्याकडे बघत होती तोवर मी भिंतीवरच्या फरशा मोजल्या. अपेंडिक्स परत टरारून सुजलेलं, बाजूला थोडं पाणी. दुपारीच ऑपरेशन. आत नेताना भिंगरीने आईचा हात धरला, बापाचा धरला, बाईआजीचा धरला. मी पुढे केलेला हात तसाच राहिला.

बाकावर आम्ही दोघी शेजारी. मला वाटलं, आता ह्या मला सुनावणार, सुनावायलाच हवं. नुसत्या चष्मा पुसत बसल्या. एकच काच.

तासाभराने डॉक्टरीण बाहेर आली. फुटायच्या बेतात होतं, फुटलं नव्हतं. काढलं. पोर ठीक आहे. "अजून एक दिवस गेला असता तर वेगळं बोलले असते मी," म्हणाली.

मी बसल्या जागीच हात जोडले.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

टाके पाहिले. तीन बारकी काजं – एक बेंबीत, दोन खाली. महिन्याभरात शोधावी लागतील. मी डॉक्टरणीला म्हटलं, हात चांगला आहे तुझा. ती लाजली.

मग तिला विचारलं, औषधाची वाट चुकली का? म्हणजे विहीणबाई चुकल्या का, असंच विचारायचं होतं मला. ती म्हणाली, "नाही आजी. पुष्कळ मुलांना तेवढ्यावर भागतं. ही तिघांतली एक निघाली. पण घरी पाठवल्यावर आमच्याकडे फक्त आकडे असतात. ते खरे लागतात."

मान खाली घालून ऐकलं. चौथी पास असले तरी एवढं कळतं.

भिंगरी माझ्याशी बोलत नाही. गेले की भिंतीकडे तोंड करते. मी पाठीला म्हटलं, "बघ, माझ्यासारखं नाही झालं पोट." पाणी विहीणबाईंच्या हातून प्याली. दोन घोट.

हक्कच आहे तिचा. पण ते दोन घोट मी मोजले.

रविवार, १५ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या जिन्यात विहीणबाईंनी मला गाठलं. कठड्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मलाही माहीत होतं. मलाही शपथ घातली होती – फक्त तुलाच सांगतेय, बाईआजी. तरी मी शून्य लिहीत गेले. वाटलं, गोळ्या संपेपर्यंत उतरेल. आणि तुम्ही म्हणाला असतात, बघा, मी सांगितलं होतं." मग रडायला लागल्या. शिक्षिका असं रडतात हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना पायरीवर बसवलं, पदर दिला.

आणि विचारलं, "तुम्हाला कधी सांगितलं?"

"रविवारी."

"किती म्हणाली?"

"पाच."

मला सोमवारी. आणि चारच!