तपासणीत काही आढळलं नाही

३ जून

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण पेन धरला की बोटं कुरकुरतात. वर्षभर अंग दुखतंय, दादा. एकच जागा असती तर तिला शिव्या घालून गप्प बसले असते. पण हे आज मानेत, उद्या मांड्यांत, असं फुकट्या पाहुण्यासारखं खोल्या बदलत राहतं. रात्रभर झोपते आणि सकाळी दगड फोडून आल्यासारखी उठते. परवा एका बाईंचे केस कापताना हात वर धरवेना. डावी बाजू कानापर्यंत आणि उजवी खांद्यापर्यंत राहिली. बाई म्हणाल्या, नवी फॅशन छान आहे. मला मात्र आत जाऊन रडावं लागलं.

माझ्या दुकानातली प्रत्येक खुर्ची आता दवाखाना झालीय. एक गिऱ्हाईक गार पाण्याने आंघोळ सांगतं, दुसरं गरम, आणि तिसऱ्याच्या मते आरसे चुकीच्या भिंतीवर आहेत. सासूबाईंचं निदान एकच, मोबाइल. आमचे हे काहीच बोलत नाहीत, आणि तेच जास्त लागतं. घराजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सगळं उत्तम असल्याचं सांगितलं, मी परीक्षेत पहिली आल्यासारखं.

वहिनींना नमस्कार. लोभ असू दे. न दुखणारं तेवढंच शिल्लक आहे.

तुझी,
धाकटी

१४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून काळजी वाटली, आणि रिपोर्ट उत्तम आहेत हे वाचून मिटली. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात माझा जन्म गेला. मालकाने कितीही गळा काढला तरी पत्र्याला पोचा दिसला तरच नुकसान, नाही तर फाइल बंद. तोच नियम तुझ्या अंगाला लाव. पहाटे ऊठ, भरभर चाल, मनाला मरगळ येऊ देऊ नकोस.

तुझ्या वहिनीकडे बघ. कधी तक्रार म्हणून नाही. हल्ली जिना चढताना मध्येच बसते, बरणीचं झाकण माझ्याकडून उघडून घेते, साखर कुठे ठेवली ते विसरते. पण वयाबरोबर माणूस सुस्तावतोच, त्याचा कोणी आजार करत नाही.

तुझ्या भल्याचंच बोलणारा,
दादा

ता. क. – वन्सं, पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून कोपऱ्यात घुसते. उठल्यावर बोटं वळत नाहीत असं होतं का? बोलता बोलता साधासा शब्द हरवतो का? सहज विचारलं. – वहिनी

९ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फाइल एवढ्यात बंद करू नकोस. हाडांच्या डॉक्टरांनी मणक्याचा फोटो काढला; मणका देखणा निघाला. मेंदूच्या डॉक्टरांनी मेंदू असल्याचं लेखी दिलं, ते मी सासूबाईंना दाखवलं. तिसऱ्यांनी विचारलं की घरी काही ताण आहे का. सासूबाई शेजारच्याच खुर्चीत होत्या, म्हणून नाही म्हणाले.

चेष्टा करतेय, पण दुकान बंद करावं असं मनात येतंय. कात्री हातातून गेली तर माझं काय उरलं, ते मला ठाऊक नाही.

वहिनी, दोन्ही होतं. काल 'कंगवा' आठवेना, दुकानातल्या मुलीला म्हटलं ते दातवालं दे. पण तुम्हाला कसं कळलं?

तुमच्या दोघांच्या मायेवर तगलेली,
धाकटी

२० जुलै

सौ. वन्संना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. मला कसं कळलं ते राहू द्या. रेडिओवर सांधेवाताच्या एक डॉक्टरीणबाई बोलत होत्या. अशा दुखण्यासाठी सांधेवाताच्याच तज्ज्ञाला दाखवा म्हणाल्या. तुम्ही जा, आणि त्या काय काय विचारतात ते मला सविस्तर कळवा. मी स्वतः जाण्याचा प्रश्नच नाही. मी धडधाकट आहे असं या घरात ठरलेलं आहे.

तुमचीच,
वहिनी

१६ ऑगस्ट

ती. दादास व सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

दुखण्याला नाव मिळालं. फायब्रोमायल्जिया. सांधेवाताच्या डॉक्टरीणबाईंनी आधी नुसतं ऐकलं, मग ठिकठिकाणी हलकं दाबून पाहिलं. थायरॉइड नाही, संधिवात नाही, याची खात्री जुन्या रिपोर्टांवरून केली. या आजाराची अशी एकच तपासणी नसते. तीन महिन्यांहून जास्त अंगभर दुखणं, झोपूनही न जाणारा थकवा, विसरभोळेपणा, अशा गोष्टी जुळवून ओळखतात. सांधे झिजत नाहीत. नसाच साध्या धक्क्याचा गवगवा करतात. मी विचारलं, हे माझ्या मनाचे खेळ नाहीत ना. त्या म्हणाल्या, दुखणं खरं आहे. एवढ्या एका वाक्यासाठी मी वर्षभर फिरत होते.

पूर्ण बरं होईल असा शब्द त्यांनी दिला नाही. थोडं थोडं वाढवत चालणं, झोपेची शिस्त, एक गोळी आणि झेपेल तेवढंच काम. मी उंच स्टूल आणलंय, बसून केस कापते. दुकान चालू राहील.

घरात माझा भाव एकदम वधारलाय. सासूबाई जिन्यात भेटेल तिला सांगतात की आमच्या सुनेला फायबरमाया झालाय, सबंध इमारतीत दुसऱ्या कोणाला नाही. आणि हे बसथांब्यावर म्हणाले, तुला काहीतरी जिवावरचं झालंय असं धरून बसलो होतो, म्हणून तोंड उघडवत नव्हतं. मी म्हटलं, मला वाटलं तुमचा विश्वास नाही. आमची बस आली आणि गेली, आम्ही तिथेच बसून होतो.

दादा, वर लिहिलेली लक्षणं पुन्हा वाच. मग तुझं जूनमधलं पत्र आठव. त्यात तू वहिनींबद्दल काय लिहिलं होतंस?

वाट पाहणारी,
धाकटी

११ सप्टेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचत होतो. थकव्यापर्यंत आलो आणि तुझी वहिनी ताट उचलून आत गेली. मागोमाग जाऊन विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, मुलगी शाळेत होती तेव्हापासून. मुलगी आता नोकरी करते.

गेल्या आठवड्यात तिला सांधेवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं की कुठे दुखतं, आणि सवयीने उत्तर मी दिलं. दुसऱ्या प्रश्नालाही मीच. मग बाईंनी मला नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं. मी बाकावर बसलो. माझ्यानंतर आलेली माणसं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून घरी गेली, तरी आतलं बोलणं संपेना. हिला इतकं सांगायचं असेल, याची मला कल्पना नव्हती. मध्येच तिच्या हसण्याचा आवाज आला. बहुधा माझ्यावरच हसत होत्या.

तिचं थायरॉइडही बिघडलेलं निघालंय. त्याची गोळी सुरू झाली; ते ताळ्यावर आल्यावर बाकीचं ठरवू, असं बाई म्हणाल्या. तोवर मला काय करता येईल, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं, तिलाच विचारा. विचारलं. ती म्हणाली, विचार करून सांगते.

खाली जागा सोडली आहे. ती तिची.

तुझा,
दादा

वन्सं, एवढ्या जागेत मावायचं नाही. यांच्याकडून दोन कोरे कागद मागून घेतलेत. – वहिनी