नात्याचा रकाना

३ जुलै

॥ श्री ॥

चि. भाऊस,

अ. उ. आ. आशीर्वाद देवाला साक्षी ठेवून देते, म्हणून खरा आहे. एरवी तुझ्याशी बोलायची इच्छा नाही.

आई गेली तेव्हा तू परिषदेत भाषण ठोकत होतास आणि दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन उगवलास. त्यावर मी जे बोलले ते बोलले. आज लिहिते आहे ते पोरीसाठी. छबीने आपला संशोधनाचा लेख तुमच्या त्या संगणकाच्या नियतकालिकाकडे पाठवला. एकच नोंद चार यंत्रांत ठेवली आणि चौघं वेगवेगळं सांगू लागली, तर विश्वास कुणावर ठेवायचा, असा काहीसा विषय. माझ्या मॅट्रिकच्या अकलेला एवढंच कळलं. मार्चच्या आत छापून आला नाही तर कॉलेजातली तिची नोकरी जाणार, हे मात्र नीट कळलं.

लेख नेमका तुझ्याच टेबलावर आला, आणि ‘ही माझी सख्खी भाची’ असं सांगून तू तो बाजूला सरकवून दिलास! ती तापाने फणफणली तेव्हा भाची आठवली नाही, पदवी मिळाली तेव्हा आठवली नाही. हात झटकायच्या वेळी बरी आठवली.

कागद उलटून पाहा, मागेही लिहिलंय. तुझ्यावर दुसरा कागद घालवणार नाही.

लोभ होता तेवढा पुरे.
ताई

१४ जुलै

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

दोन्ही बाजू वाचल्या. मागची जास्त झोंबली.

लेख मी सरकवला नाही, दुसऱ्या संपादकांकडे सोपवला. नात्यातल्या माणसाचा लेख आपण हाताळायचा नाही, असा नियम आहे. मी पास केला असता तर मामाचा वशिला म्हणून तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

आता तो अडकलाय ते वेगळ्याच कारणाने. लेख पाठवतानाच विचारलेलं असतं, की संपादकांत कुणी नात्यातलं आहे का. छबीने तिथे ‘नाही’ लिहिलंय. मी लिहिलंय ‘सख्खी भाची’. मुख्य संपादकांना वाटतंय, मुलीने नातं लपवलं. तिने खुलासा केला नाही तर लेख न वाचताच परत जाईल.

तिला ‘नाही’ लिहायला कुणी शिकवलं? आईच्या खोलीत, सगळ्यांदेखत, आजपासून मला भाऊ नाही असं कोण म्हणालं होतं? तिथे मी ते ऐकून घेतलं. रकान्यात खोटं लिहिणं मला जमत नाही.

लोभ मागत नाही, खुलासा तेवढा लवकर पाठवायला सांग.
भाऊ

२ ऑगस्ट

॥ श्री ॥

चि. भाऊस,

अ. उ. आ.

हो, मीच शिकवलं. मी भांडी विसळत होते, तिने विचारलं मामाचं काय लिहू, मी म्हटलं तुला मामा नाही. कार्टीने तसंच लिहून टाकलं. आता खुलासा कर म्हटलं तर ऐकेना. म्हणते, आई, आधी तू काय ते ठरव, दर महिन्याला माझी उत्तरं बदलणार नाहीत. हट्ट अगदी मामाचा.

देवापुढे बसले. देव काही बोलला नाही. तुमच्या नियतकालिकाचे नियम त्याच्यापर्यंत पोचलेले दिसत नाहीत. नोकरीचा विचार करून शेवटी तिला म्हटलं, लिही, आहे एक मामा. चांगला आहे असं लिहायला सांगितलेलं नाही.

आनंदाने केलं असं समजू नकोस.

ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

छबीच्या लेखाचं काय झालं ते मला विचारायची मुभा नाही. म्हणून तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतो.

भाऊ

२० फेब्रुवारी

॥ श्री ॥

चि. भाऊस,

अ. उ. आ.

गुडघे होते तसेच आहेत. तपासणाऱ्यांनी लेख दोनदा दुरुस्त करायला लावला. त्यातल्या एकाची भाषा इतकी कडू होती, की मला खात्री होती तूच असणार. छबीने शपथेवर सांगितलं की नाहीस. असो. लेख छापून आला, नोकरी राहिली.

शेवटच्या पानावर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ओळ आहे, ‘लेखिकेचे सख्खे मामा या नियतकालिकाचे संपादक आहेत, त्यांनी हा लेख पाहिलेला नाही.’ छबीने वाचून दाखवली. इतक्या वर्षांनी आपलं नातं चारचौघांत मान्य झालं, तेही तू काही केलं नाहीस हे सांगण्यापुरतं! मला हसू आलं. रागाचंच होतं.

प्रत सोबत आहे. आता पाहायची बंदी उठली ना? मग वाच. चुका सापडल्या तर थेट तिला फोन करून सांग.

आईच्या वेळचं मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण या कागदाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. उत्तर तिच्यावरच लिही, उगाच दुसरा कागद घालवू नकोस.

ताई